वहिनीच्या माथी मारलेली चूक

अर्धवट शिकलेला माणूस किती मिजास करतो ते बघायचं असेल, तर त्या वर्षी तुम्ही मला बघायला हवं होतं.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी सोळा वर्षं ऑपरेटर होतो. प्लँट बंद झाला आणि ऐन चाळिशीत मी घरी बसलो. शिफ्टची सवय लागलेला माणूस दिवसभर घरात दिसायला लागला की सगळ्यांना नकोसा होतो, तसा मी झालो. शेवटी बायकोनेच सॉफ्टवेअर शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स शोधून दिला. म्हणाली, डोकं आहे ना, मग वापरा.

कोर्समध्ये शिकवणारी मुलगी माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. मला वाटायचं, मी अख्खा प्लँट चालवलाय, ही मला काय शिकवणार? म्हणून तिचे धडे मी दुप्पट वेगाने पळवायचो. जे डोक्यावरून जाई ते सरळ सोडून द्यायचो. धडा संपला की त्याच्यापुढे हिरवी खूण यायची. ती खूण दिसली की झालं, माझं शिक्षण पूर्ण! एक धडा असा होता, की दोन माणसांनी एकाच वेळी एकच वस्तू मागितली तर काय करायचं. तो मी जेवता जेवता लावला होता.

नोकरी मागायला जाताना स्वतः केलेलं एखादं काम दाखवावं लागतं, म्हणून मी पेणला दादाकडे गेलो. दादाचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्ती आणि रंग दादाचे, गिऱ्हाईक सगळं वहिनीचं. तिची पद्धत जुनी. गिऱ्हाइकाने मूर्ती पसंत केली की घरचा पाट आणून द्यायचा. ती मूर्ती त्या पाटावर बसली की तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाटाच्या मागे वहिनी खडूने नाव लिहायची. लग्न होऊन आल्यापासून ती हे करत होती आणि एकदाही चुकली नव्हती.

मी दादाला सांगितलं, आता हे पाट बंद. नुसती जागा अडते. मी इंटरनेटवर कारखान्याचं एक पान बनवतो, त्यावर फोटो टाकू, लोक घरबसल्या मोबाईलवरून मूर्ती आपल्या नावावर राखून ठेवतील, वहिनीने फक्त नाव बघून मूर्तीवर चिठ्ठी चिकटवायची. वहिनी एवढंच म्हणाली की भावजी, पाट असला की भांडण नाय होत. मी हसलो. तिच्या तोंडावर हसलो, आणि दादाही माझ्याबरोबर हसला. घरात शिकलेला मी एकटाच ना!

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गागोद्याकडचे एक म्हातारे गृहस्थ, दादाचं जुनं गिऱ्हाईक, आपली मूर्ती घ्यायला आले, तर तिच्यावर पनवेलच्या एका जोडप्याच्या नावाची चिठ्ठी. दोघांच्याही मोबाईलवर माझ्याच पानाने पाठवलेला निरोप होता, की मूर्ती तुमची झाली. म्हाताऱ्यांचा आवाज चढला, पनवेलवाल्यांचा त्याहून चढला.

मी कोपऱ्यात जाऊन लॅपटॉप उघडला. दोन मिनिटांत कळलं. दोघांनी जवळजवळ एकाच वेळी ती मूर्ती मागितली होती, पानाने दोघांनाही हो म्हटलं होतं, आणि मागून आलेलं नाव तेवढं ठेवून पहिलं पुसून टाकलं होतं. वहिनीला जे नाव दिसलं तेच तिने चिकटवलं होतं. चूक माझी होती, शंभर टक्के माझी.

दादाने सगळ्यांसमोर विचारलं, "हे कसं झालं रे?"

आणि मी म्हटलं, "मोबाईलवर सगळं बरोबर आहे. चिठ्ठी लावताना घोळ झाला असेल."

दादा वहिनीवर असा काही ओरडला, की भांडणारी माणसंसुद्धा वळून बघायला लागली. एवढं साधं काम जमत नाही का, म्हणाला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग आत गेली आणि घरच्यासाठी राखून ठेवलेली मूर्ती घेऊन आली. साचा तोच. तिचा शेला दरवर्षी वहिनी स्वतः रंगवते. ती मूर्ती तिने म्हाताऱ्यांच्या हातात दिली. त्या वर्षी दादाच्या घरी बसली ती उरलेल्यांतली एक. आणि मी निर्लज्जासारखे वहिनीच्या हातचे मोदक खाल्ले, चांगले सात.

पुढच्या आठवड्यात तो सोडलेला धडा नीट बघितला. दुरुस्ती चार ओळींची निघाली. नंतर ऑनलाइन मुलाखतीत मला विचारलं, तुमच्या हातून झालेली मोठी चूक सांगा. मी सांगितली. अगदी रंगवून सांगितली. पाट, चिठ्ठी, दोन नावं, चार ओळी, सगळं. आणि वर हेही म्हणालो की मी ताबडतोब जबाबदारी घेतली. समोरची माणसं खूश झाली. नोकरी लागली. म्हणजे जे घरात बोलायला जीभ उचलली नाही, ते परक्यांना सांगून मी पगार मिळवला.

पेढे घेऊन पेणला गेलो तेव्हा कारखान्यात गिऱ्हाइकांशी दादा स्वतः बोलत होता. वहिनी मागे बसून रंगाचे डबे धूत होती. दादाने तिच्याकडून गिऱ्हाईक काढून घेतलं होतं. कुणी आलं तर ती मानसुद्धा वर करत नव्हती. मी तिच्याजवळ बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. रडवेला झालो होतो. वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे भावजी.

तिने डबा पालथा घातला. म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी चुकले नव्हते, ते मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा."

तेवढ्यात दादाच आला. लुंगीला हात पुसून त्याने पेढा तोंडात टाकला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि कामगारांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या घरात एक तरी बिनचूक काम करणारा निघाला. काय रे?"

वहिनी माझ्याकडेच बघत होती.

मी म्हटलं, "व्हय दादा."

तिने डबे उचलले आणि ती आत निघून गेली.