कौलाखालची तीन पिल्लं

बेळगुंदीच्या आमच्या घरात कौलाखाली प्लायवूडचं सिलिंग आहे. एका पावसाळ्यानंतर उदमांजराच्या मादीनं कौलातल्या भोकातून शिरून तिथं पिल्लं घातली. सिलिंगमधून मूत ठिबकायचं, ते नेमकं आप्पांच्या खाटेवर. आप्पा, म्हणजे माझे वडील, दम्यानं अंथरुणाला खिळलेले. घाणीनं त्यांची धाप वाढायची. खाट दुसरीकडं हलवू म्हटलं तर ऐकत नव्हते.

"ते भोक बंद कर रं," एवढंच म्हणायचे.

एका संध्याकाळी उद्यमबागेतल्या कारखान्यातून कामावरून आलो, तर मादी कौलावरून फणसाच्या झाडावर उतरताना दिसली. मी शिडी लावली आणि भोकावर पत्रा ठोकला. पिल्लं आता आईमागं हिंडत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला फक्त ही कटकट संपवायची होती.

रात्रभर वर चिरकणं चाललं. बाहेर मादी पत्रा ओरबाडत होती. सकाळी ती फणसाच्या फांदीवर बसलेली होती, भर उजेडात. हे जनावर दिवसा कधी दिसत नाही.

आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. म्हणाले, "फोड ते. माझ्या डोक्यावर रडाय लागल्यात. मला सोसवंना."

आज येत नाही म्हणून मी कामावर कळवलं आणि वनखात्याच्या कचेरीत फोन लावला. तिसऱ्या वेळी एकानं उचलला. त्यांची माणसं खानापूरकडं गेली होती. तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, पिल्लं लांब सोडू नका. बुट्टीत घालून झाडाखाली ठेवा आणि तिथनं निघून जावा. आई स्वतः नेती."

पत्रा काढला, पण पिल्लं भोकाशी येईनात. शेवटी खोलीतून कटावणीनं प्लायवूड उचकटलं. सोबत घाण, फणसाच्या बिया, धूळ सगळं अंगावर आलं. कोपऱ्यात तीन पिल्लं होती. दोन माझ्या हातावर फिस्कारली. तिसरं गार पडलेलं, पोट जेमतेम हलत होतं.

तिन्ही वेताच्या बुट्टीत घालून फणसाखाली ठेवली. बायको म्हणाली, "ते एक मरंल हो असं." म्हणून तिसरं मी आत आणलं, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवली. निघून जावा म्हणून सांगितलं होतं, तरी हात लावल्याशिवाय मला राहवलं नाही.

दिवस मावळताना मादी उतरली. एक मानेला धरून नेलं. थोड्या वेळानं दुसरं. मला वाटलं, झालं. पण ती तिसऱ्यांदा आली. रिकाम्या बुट्टीत तोंड घालून हुंगत राहिली, बुट्टी उलटी केली, खालची माती उकरली.

मी पिल्लू घेऊन धावलो. तेच चुकलं. मला बघताच ती कुंपणावरून उसाच्या फडात गेली. पिल्लू बुट्टीत ठेवून मी मागच्या दारात उभा राहिलो, पार अंधार होईपर्यंत. ती परत आली नाही. मी जवळ गेलो तेव्हा पिल्लाचं पोट हलत नव्हतं.

फणसाखालीच खड्डा काढून त्याला पुरलं, हात धुतले आणि आत आलो.

"तिन्ही नेली न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"व्हय आप्पा," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटले.

पुढं मी कौलाचं भोक नीट बुजवलं. आप्पा गेले. खरं काय ते त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.