‘काही होत नाही,’ मी म्हणाले

तासगावहून एसटीने अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या त्या गावात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा आणीबाणी उठून वर्ष होऊन गेलं होतं. गावातली भीती मात्र उठली नव्हती. सरकारी जीपचा आवाज आला की तरणे पुरुष अजूनही द्राक्षांच्या मांडवात शिरायचे. नसबंदीच्या शिबिरासाठी या गावातून माणसं उचलून नेली होती. त्यातल्या एकाचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. मी तेव्हा सांगलीला नर्सिंग शिकत होते. अशाच एका शिबिरात आम्हा मुलींना मदतीला पाठवलं होतं आणि मी हातात ट्रे धरून दिवसभर उभी राहिले होते. हे मी गावात कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर, ‘मी तेव्हा शिकत होते,’ एवढंच म्हणायची. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आमचं उपकेंद्र म्हणजे मारुतीच्या देवळामागच्या दोन खोल्या. एकीत मी राहायची, दुसरीत औषधं आणि टेबल. लहान मुलांना ट्रिपलचं इंजेक्शन द्यायचा कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात, तिन्हींवर मिळून एक लस. ती तीन वेळा द्यायची, मध्ये महिनाभराचं अंतर ठेवून. लस तासगावहून बर्फाच्या थर्मासमधून एसटीने यायची. मी स्टोव्हवर सुया उकळून ठेवायची आणि दारात बसून राहायची. कुणी फिरकायचं नाही. संध्याकाळी उरलेला बर्फ मोरीत ओतताना मला रडू यायचं.

लोक का येत नाहीत ते मला पिठाच्या गिरणीत कळलं. गिरणीच्या भिंतीवर एक छापील पत्रक चिकटवलेलं होतं. ‘मातांनो, सावध व्हा,’ असं वर मोठ्या अक्षरात. खाली लिहिलं होतं की हे इंजेक्शन म्हणजे जनावरांच्या रक्तातलं विष आहे. ते टोचलेल्या मुलांना मोठेपणी मूल होणार नाही. बापांच्या नसा कापून झाल्या, आता लेकरांची पाळी आहे.

हे पत्रक गावातल्या गुरुजींनी छापून घेतलं होतं. गुरुजी प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर. अर्ध्या गावाला त्यांनीच बाराखडी शिकवलेली. नोकरी संपल्यावर ते निसर्गोपचाराकडे वळले होते. पोटावर मातीच्या पट्ट्या, कमरेपर्यंत पाण्यात बसणं, उपास, असले उपाय ते लोकांना सांगत आणि कुणाकडून काही घेत नसत. सायकलवर बसून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जात, पत्रकं वाटत, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवत. त्यांचा एकेक शब्द लोक झेलायचे. मी त्यांना लबाड समजत होते. ते लबाड नव्हते. त्यांचा त्या पत्रकावर मनापासून विश्वास होता आणि म्हणूनच ते मला भारी पडत होते.

मी ठरवलं, चारचौघांत उत्तर द्यायचं. बाजारादिवशी देवळाच्या कट्ट्यावर गुरुजी पत्रक वाचत होते. समोर बायाबापड्या, पिशव्या खाली ठेवून ऐकत होत्या. मी गर्दीतून पुढे गेले आणि मोठ्याने म्हणाले, “गुरुजी, सदऱ्याची बाही जरा वर करता का?”

ते गोंधळले. “कशासाठी?”

“तुमच्या दंडावर देवीची लस टोचल्याचा वण आहे का, ते बघायचंय सगळ्यांना.”

लोक हसायला लागले, कारण वण कुणाच्या दंडावर नव्हता? मी म्हणाले, “ती लस वेगळी, ही वेगळी, हे कबूल. पण तेव्हाही लोक म्हणायचे की टोचून घेऊ नका, वंश बुडेल. तुम्हाला टोचलं होतं, आणि तुम्हाला पाच मुलं आहेत. देवीचा रोगी मात्र आता शोधून सापडत नाही. ट्रिपलने मूल होत नाही असं कोणत्या डॉक्टरने सांगितलं, त्याला इथे घेऊन या.”

पाठीमागून कुणीतरी शिट्टी मारली. गुरुजींचा चेहरा उतरला. मला तो उतरलेला चेहरा बघून बरं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते. त्यांनी आवाज शांत ठेवून शेवटचं विचारलं, “बरं बाई, एवढं सांगा. हे टोचल्यावर लेकराला काही होत नाही? ताप येत नाही? मांडी सुजत नाही?”

मला उत्तर माहीत होतं. शिकवताना आम्हाला स्पष्ट सांगितलेलं होतं की पुष्कळ बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, टोचल्या जागी सूज येते, आणि ते आपोआप बरं होतं. पण लोक माझ्या बाजूने हसत होते. ताप येतो म्हटलं असतं तर ते हसू थांबलं असतं.

“काही होत नाही,” मी म्हणाले. “ताप नाही न् काही नाही. मुंगी चावल्यागत होतं, बस्स.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बायकांची रांग होती. पहिली आली ती एका फौजीची बायको. नवरा सरहद्दीकडे कुठेतरी होता, घरी सासू आणि चार-पाच महिन्यांची मुलगी. तिच्यामागे गाद्या-रजया भरणाऱ्या कुटुंबातली सून होती, तिच्या कडेवर मुलगा. त्या दोघी शेजारणी. फौजीच्या बायकोच्या मुलीला मी टोचलं. ती अशी किंचाळली की गादीवाल्याच्या सुनेने आपलं लेकरू छातीशी घट्ट धरलं. “आज नगं, बाई,” ती म्हणाली. “हिचं कसं हुतंय ते बघून उद्या येते.” मी म्हटलं, “ये की.” मागच्या आणखी काही जणीही तिच्याबरोबर परतल्या, पण मला काळजी वाटली नाही. उद्या येतीलच, असं वाटलं.

त्या आल्या नाहीत. सकाळी फौजीची आई, म्हणजे त्या मुलीची आजी, दारात येऊन उभी राहिली. “चला बघायला, काय केलंयसा आमच्या पोरीचं.” मी धावत गेले. मुलगी तापाने फणफणली होती, मांडी टणक झाली होती, कूस बदलताना कळवळत होती. अंगण माणसांनी भरलं होतं. गुरुजी खाटेजवळ बसून मुलीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “मी विचारलं होतं तुम्हाला.”

हा ताप नेहमीचाच आहे, उद्यापर्यंत उतरेल, असं मी सांगितलं. ताप उतरलाही. पण आता त्याला काही अर्थ नव्हता. आजी एकच वाक्य धरून बसली होती, “परवा तर म्हणलासा, काय हुत न्हाई.” एका बाबतीत बाई खोटं बोलली, म्हणजे वंशाचंही खोटंच बोलली असणार. लोकांचा हिशेब सरळ होता आणि तो मीच त्यांना मांडून दिला होता.

महिन्याभराने दुपारच्या वेळी, सगळे शेतात असताना, फौजीची बायको मागच्या दाराने आली. पदराखाली मुलगी होती. सासूला न सांगता आली होती. “दुसरी सुई आज हाय न्हवं?” तिने विचारलं. मग माझ्या तोंडाकडे नीट बघत म्हणाली, “खरं सांगा. पुन्यांदा ताप येईल?”

“येईल कदाचित,” मी म्हणाले. “मागच्यासारखाच. एक-दोन दिवस. गोळी देते, पाणी पाजत राहा.”

“मग टोचा,” ती म्हणाली. “येतोय म्हाईत असलं म्हंजे भ्या वाटत न्हाई.”

एवढं सोपं होतं ते. हे वाक्य मी गावभर जाऊन सांगायला हवं होतं. गादीवाल्याचं घर तर तिच्या भिंतीला भिंत लागून होतं. मी गेले नाही. ताप येतो हे कबूल केलं की गुरुजी पुन्हा कट्ट्यावर चढणार, बघा, बाईनेच मान्य केलं म्हणणार, असं मला वाटायचं. त्यांच्यापुढे हार कबूल करायची नव्हती. त्या एकटीला मी खरं सांगितलं आणि बाकीच्यांना तसंच ठेवलं. तिसरी सुईही ती तशीच लपून घेऊन गेली.

थंडीत डांग्या खोकला आला. आधी वरच्या आळीत, मग सगळीकडे. ज्याने तो ऐकला नसेल त्याला सांगून कळणार नाही. लेकरू खोकत राहतं, खोकत राहतं, श्वास घ्यायलाही सवड मिळत नाही, ओठ निळे पडतात, आणि मग घशातून एक लांब, चिरका आवाज येतो. मोठी मुलं त्यातून निभावतात. तान्ह्यांचं अवघड असतं. गुरुजी घरोघरी जाऊन मधाचं चाटण देत होते, मी घरोघरी जाऊन तासगावला दवाखान्यात न्या म्हणून विनवत होते. आम्ही दोघं गल्लीत समोरासमोर यायचो आणि बोलायचो नाही.

गादीवाल्याचा नातू त्यात गेला. तासगावच्या दवाखान्यात नेला होता, पण उशीर झाला होता.

मी त्यांच्या घरी गेले. पुरुष मातीहून परतले होते. बायका आत होत्या. मुलाचा बाप ओट्यावर बसला होता, कापूस पिंजायचं धनुष्य मागे भिंतीला टेकवलेलं. त्याने मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मग त्याने विचारलं, “बाई, सुई घेतली आसती तर वाचलं आसतं का?”

त्याला हो म्हणणं क्रूर होतं आणि नाही म्हणणं खोटं होतं. मी म्हणाले, “नक्की सांगता येत नाही. पण तिन्ही झाल्या असत्या तर बहुतेक वाचलं असतं.”

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, “ताप येतोय, हे का न्हाई सांगितलंसा? आमी काय तापाला भितो व्हय? हितं लेकराला दात आलं तरी ताप येतोय. आमी झेलला आसता की.” आवाज चढला नव्हता. “त्या जीपवाल्यांनीबी म्हणलं हुतं, काय हुत न्हाई म्हणून.”

घरी येऊन मी दार लावून घेतलं. त्याच शब्दांनी शिबिरात आम्ही घाबरलेल्या माणसांना टेबलावर झोपवत होतो. काही होत नाही. मी स्वतः कितीदा म्हटलं होतं.

पुढच्या बाजारी मी देवळाच्या कट्ट्यावर गेले. गुरुजी तिथे होते. पत्रकं त्यांच्या पिशवीत होती, पण त्या दिवशी ते वाचत नव्हते. मी सांगितलं, ट्रिपल दिल्यावर ताप येतो. मांडी सुजते. लेकरू रडतं, आईची झोप उडते. मला हे माहीत होतं आणि मी गेल्या वेळी सगळ्यांसमोर खोटं बोलले. मग शिबिराचंही सांगितलं. मी तिथे ट्रे धरून उभी होते, हे सांगितलं. गर्दीतून एक जण थुंकला आणि निघून गेला. शिबिराला उचलून नेलेला, लग्न न झालेला माणूस तो हाच.

गुरुजी म्हणाले, “म्हणजे मी खरंच बोलत होतो.”

“तापाचं खरं बोलत होता,” मी म्हणाले. “मूल होत नाही, हे खोटं आहे. ते मी तेव्हाही खरंच सांगितलं होतं. पण माझ्या एका खोट्यापायी तुमचं खोटं लोकांना खरं वाटलं, आणि खोकल्यात लेकरं होरपळली. त्यात माझाही वाटा आहे, तुमचाही आहे.”

कुणी हसलं नाही. फौजीची बायको भाजीच्या पाट्यांपाशी उभी होती. ती सासूकडे न बघता म्हणाली, “माझ्या पोरीला तिन्ही सुया झाल्यात. दर टायमाला ताप आला न् गेला. आळीत समदी खोकली, ही न्हाई खोकली.” सासू तिच्याकडे बघतच राहिली. गुरुजींनी पिशवी उचलली आणि ते घरी गेले. त्यांनी पत्रकं वाटणं सोडलं असं म्हणवत नाही. दुसऱ्या गावांत ती दिसायची, असं कंडक्टर सांगायचा. गिरणीतलं पत्रक मात्र कुणीतरी फाडलं. गुरुजींनी स्वतःच्या नातवंडांना शेवटपर्यंत टोचू दिलं नाही.

त्यानंतर बायका यायला लागल्या, एकदम नाही, एकेक करून. मी आधी ताप सांगायची, मग सुई हातात घ्यायची. ताप ऐकून काही जणी परत जायच्या. मी त्यांना अडवत नसे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारात जाऊन बसायची. आमच्या तासगावच्या मोठ्या सिस्टर चिडायच्या, “एवढं कशाला घाबरवतेस त्यांना?” मी तरीही सांगायचीच.

गादीवाल्याची सून माझ्याकडे कधीच आली नाही. वाटेत भेटली की पदर तोंडावर ओढून बाजूने जायची. तिला पुन्हा दिवस गेले, मुलगी झाली, बाळंतपणाला तिने मला न बोलावता तासगाव गाठलं. मुलगी टोचायच्या वयाची झाली तरी ती आली नाही, आणि तिच्या दारात जाऊन बसायची माझी हिंमत झाली नाही. बाकी सगळ्यांच्या दारात मी गेले, तिथे नाही.

तेवढ्यात माझी बदली सातारा जिल्ह्यात मेढ्याकडे झाली. डोंगरातली गावं, चालून चालून पाय सुजायचे. पुढे सांगलीला एका बैठकीत माझ्या जागी आलेली नर्स भेटली. मी बाकी काही न विचारता त्या घराचं विचारलं. ती म्हणाली, “ती ना? मी रुजू झाले त्याच आठवड्यात आली की, आपणहून. दारातच विचारलं, आधीच्या बाई गेल्या का? गेल्या म्हटल्यावर आत आली. पोरीला तिन्ही डोस झाले.”

मला बरं वाटलं. मुलगी सुरक्षित झाली होती. पण मी जायची वाट बघत तिने ते लेकरू किती दिवस तसंच, न टोचता ठेवलं असेल, हा विचार तेव्हा मनात आला तो अजून गेलेला नाही.