चौघं झोपतील एवढा डबा

फोन आला तेव्हा बिनगळ पिठाच्या डब्याचं बूड ठोकत बसला होता. हातात लाकडी हातोडा, फोन खांदा आणि कानाच्या मधे चिमटलेला.

"तुम्ही डबे दुरुस्त करता ना?" पलीकडे कुणी बाई होत्या.

"करतो की."

"एक जुना डबा आहे. गळतोय."

"आणा."

"जरा मोठा आहे हो."

"केवढा?"

"चौघं झोपतील एवढा."

बिनगळ खो खो हसला. अशी थट्टेखोर गिऱ्हाइकं हल्ली राहिली कुठं? त्यानंही सूर धरला. "झाकण घट्ट बसतं का?"

"झाकण नाही, दार आहे."

"मग चाकंही असतील!"

"आहेत ना. दोन. एक पंक्चर आहे."

आता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आणा, आणा बाई! माझ्या हातून गेलेला डबा गळत नाही. गळला तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप!"

बायको आतून चहा घेऊन आली तेव्हा तो अजून हसत होता. "काय झालं हो?"

"काही नाही गं. उद्या एक डबा येतोय. पंक्चर झालेला."

त्याचं खरं नाव त्याच्या आधारकार्डाला ठाऊक. बाकी सगळी गल्ली त्याला बिनगळ म्हणायची. बेचाळीस वर्षं पत्रा ठोकत होता. पिठाचे, तेलाचे, रॉकेलचे डबे, पाण्याच्या टाक्या, नरसाळी. त्याच्या हातून गेलेलं एकही भांडं गळकं म्हणून परत आलं नव्हतं. उस्तादानं पहिल्या दिवशी एकच मंत्र दिला होता: "वरचा खालच्याच्या पोटात." म्हणजे दोन पत्रे जोडताना वरच्या पत्र्याची कड खालच्याच्या आत घ्यायची. आतलं पाणी खाली घसरतं, सांध्यातून बाहेर यायला त्याला वाटच सापडत नाही. बिनगळनं हा मंत्र इतका घोटला होता, की तो सदरासुद्धा कायम विजारीत खोचायचा.

पण गुडघे बोलायला लागले होते. त्याची एकुलती एक मुलगी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायची आणि घरी आली की बापाचे बघून कपाळाला हात लावायची. "बाबा, दुकान बंद करा आणि माझ्याकडे राहायला या. जमिनीवर मांडी घालून ठोकाठोक किती वर्षं करणार?" हा तगादा रोजचा. शेवटी एकदा बिनगळ चिडून म्हणाला होता, "ज्या दिवशी माझा डबा गळेल ना, त्या दिवशी तू म्हणशील तिथं येतो. नाहीतर हा विषय काढायचा नाही." ती म्हणाली, "शब्द?" तो म्हणाला, "शब्द!" आणि बाप शब्दाचा पक्का, हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. मागोमाग गल्लीतल्या कुत्र्यांचा. मागोमाग न्हाव्याचा: "अरे बिनगळ, बाहेर ये! तुझ्याकडे अंडं आलंय!"

खरंच अंडंच. ट्रॅक्टरच्या मागे पत्र्याचं एक गोलमटोल घर झुलत झुलत येत होतं. पुढून गोल, मागून गोल, मधे दोन खिडक्या, कुशीत एक दार. रंगाचे इतके थर, की कुठं हिरवा, कुठं निळा, कुठं चक्क गुलाबी. एका बाजूला लंगडत होतं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक उंच, ताठ. दुसरी मूठभर, मांडीवर छत्री घेतलेली.

"मीच फोन केला होता," उंच बाई उतरत म्हणाल्या. "हा डबा."

बिनगळचा हातोडा पायावर पडला.

गल्लीत कुणाला काम उरलं नाही. न्हावी म्हणाला, हे फिरतं सलून. किराणावाला म्हणाला, दुधाची गाडी. शेजारचा सुतार गंभीरपणे म्हणाला, "सर्कशीतल्या अस्वलाचा पिंजरा आहे. आतून वासच सांगतोय."

"वास माझ्या औषधाच्या तेलाचा आहे," मूठभर बाई म्हणाल्या.

या दोघी नणंद-भावजय. उंच ती भावजय, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. मूठभर ती नणंद. दोघींचीही माणसं आपापल्या वाटेनं गेलेली, आणि आता एका घरात दोघीच. "घरात बसून आम्ही एकमेकींचं डोकं खातो," बाई म्हणाल्या. "वन्सं म्हणाल्या, रस्त्याला लागलं की निदान डोकी बदलतील. हे भंगारवाल्याच्या मागच्या अंगणात सापडलं. गाडीमागे जोडायचं आणि निघायचं. भाचा गाडी घेऊन गुरुवारी येतोय."

"याला बनवलंय कुणी? कुठल्या सालचं?"

"नाव नाही, गाव नाही, वय नाही. तेच तर आधी शोधायचंय."

शोधणं गरजेचंच होतं. कोपऱ्यात बोट दाबलं की भिंत भिजल्या बिस्किटासारखी आत जात होती. आतलं लाकूड कुजलं होतं. पण तिथवर पोचायचं कुठून? आतून की बाहेरून? चुकीच्या बाजूनं हात घातला तर सगळं अंडं फुटायचं.

"हे लाकडाचं कपाट आहे," सुतार म्हणाला. "वर नुसता पत्र्याचा अंगरखा. आतून उघडायचं."

"हा पत्र्याचा डबा आहे," बिनगळ म्हणाला. "आत नुसतं लाकडाचं अस्तर. बाहेरून उघडायचं."

लाकूड मोठं की पत्रा मोठा, हे भांडण दोघांमधे चाळीस वर्षं चालू होतं. आता त्याला चाकं मिळाली.

सुतार पेचकस घेऊन ऐटीत आत शिरला. अर्ध्या तासानं घामाघूम होऊन बाहेर आला. "कपाटं भिंतीला पक्की आहेत, पण एकाही स्क्रूचं डोकं दिसत नाही. काय मंत्रानं चिकटवलीत की काय!"

गणिताच्या बाईंनी पर्समधून खडू काढला आणि सरळ डब्याच्या पत्र्यावरच लिहायला घेतलं. "स्क्रू आतून नाहीत. पण कपाट पडत नाही. म्हणजे स्क्रू बाहेरून मारलेत. बाहेर तर पत्रा आहे. म्हणजे पत्रा?"

"नंतर आला," वन्सं म्हणाल्या.

"शाबास. म्हणजे बनवणाऱ्यानं आधी जमीन घातली, मग ओटा आणि कपाटं मांडली, मग त्यांना भिंती चिकटवल्या आणि शेवटी पत्रा चढवला. जे शेवटी आलं ते आधी काढायचं."

"आधी संसार, मग घर!" बिनगळची बायको म्हणाली. "आमचंही तसंच झालं होतं."

बिनगळनं सुताराकडे विजयी नजरेनं पाहिलं. बाहेरून! सुतार पुटपुटला, "पण आहे लाकडाचंच."

मग गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावरचा गंज बिनगळनं रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं खरवडला. खाली ठोकलेले आकडे निघाले, शेवटी बासष्ट. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, पण बाई खडू रोखून म्हणाल्या, "आकडा म्हणजे साल नव्हे. पुरावा?" पुरावा दुपारी निघाला. खिडकीभोवतीचा पत्रा सोडवला, तर चौकटीखाली फटीत घडी करून कोंबलेला वर्तमानपत्राचा तुकडा. साल एकसष्ट, महिना डिसेंबर.

"जुना पेपर नव्या वर्षात कोंबला," बाई म्हणाल्या. "आता मान्य. बासष्ट."

"अगंबाई, माझ्या मॅट्रिकचं साल!" वन्सं पत्र्यावर थापट्या मारत ओरडल्या. "वैनी, हा माझ्या वर्गातला आहे!"

बनवणाऱ्याचं नाव मात्र शेवटपर्यंत सापडलं नाही. वन्संनी मग त्याला 'वर्गबंधू' ठरवून टाकलं.

पुढचे तीन दिवस गल्लीत नुसता धुडगूस. सुतारानं कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या, न्हाव्यानं खिडक्यांच्या काचा वस्तऱ्यानं रंग खरवडून साफ केल्या. बिनगळ पत्र्याला भिडला. जमिनीवर त्यानं एक अख्खं ताट बसवलं, कडा वीतभर वर वळवून, सांधा न् सांधा कथलाचा डाग देऊन बंद केलेलं. बाहेरचे आडवे पत्रे एकेक करून चढवले. प्रत्येक सांध्यात चिकट पट्टी, प्रत्येक कडेला दुमड. आणि ओठावर मंत्र: वरचा खालच्याच्या पोटात, वरचा खालच्याच्या पोटात. गुडघे कण्हत होते, पण तो शीळ घालत होता.

मंगळवारी परीक्षा. मुलगी मुद्दाम सुट्टी काढून आली. "गळला तर शब्द, बाबा."

"माहितेय."

बिनगळ पाइप घेऊन डब्यात शिरला आणि त्यानं आयुष्यभर प्रत्येक डब्याला जे केलं तेच केलं: आत पाणी भरलं. चार बोटं पाणी चढलं. मग सगळी गल्ली डब्याखाली वाकून बघत राहिली. न्हावी तर चाकाजवळ उताणाच झोपला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एक थेंब नाही.

"बिनगळ!" न्हावी खालून ओरडला. टाळ्या, शिट्ट्या. बिनगळची छाती फुगली, सदरा विजारीतून सुटला.

गणिताच्या बाई आत बाकड्यावर, पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "उत्तम. पण पाऊस बाहेर पडतो ना?"

"बाहेरून काय," बिनगळ म्हणाला, पण आवाज जरा खाली आला. "घाला बाहेरून पाणी." आतलं पाणी उपसलं, मुलगी आत जाऊन बसली, दार लागलं, किराणावाल्यानं पाइप छतावर धरला. अर्ध्या मिनिटात आतून किंकाळी. मुलगी बाहेर आली ती न्हाऊन. केस चेहऱ्यावर, चष्म्यावर ओघळ. प्रत्येक सांध्यातून पाणी सरळ आत येत होतं, अगदी आमंत्रण दिल्यासारखं.

सुतार सांध्यात बोट घालून बघत होता. एकदम मट्कन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. "अरे शहाण्या! वरचा खालच्याच्या पोटात घेतलास! कौलं कशी घालतात? वरचं खालच्याच्या डोक्यावर! तू आतलं पाणी आत ठेवायला बसलास, आणि सगळ्या आभाळाला पोटात घेतलंस!"

सगळे हसले. बिनगळ हसला नाही. तो दुकानात गेला, खिळ्यावरचं कुलूप काढलं, आणि येऊन मुलीपुढे उभा राहिला. "शब्द म्हणजे शब्द. डबा गळला."

मुलीचा चेहरा पडला. इतके दिवस हेच मागत होती, आणि आता बापाच्या हातातलं कुलूप तिला घेववेना.

"थांबा हो," बायको पदर खोचत पुढे आली. "शब्द काय होता? नीट सांगा."

"माझा डबा गळेल त्या दिवशी..."

"डबा! मग डबा गळला कुठं? आत पाणी भरलं होतं. बाहेर थेंब आला?"

"नाही, पण..."

"डबा गळतो म्हणजे आतलं बाहेर जातं. बाहेरचं आत येतं ते छप्पर गळतं. तुम्ही छपराचा शब्द दिला होता का?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खडू कपाळाला लावून विचार केला. "बरोबर आहे. सिद्ध झालं."

"हा रडीचा डाव आहे, आई!" मुलगी केस पिळत म्हणाली, पण तिला हसू आवरत नव्हतं. "बरं. पुन्हा बसवा. बुधवारी मी पुन्हा बसते आत. तेव्हा डबा, छप्पर, भिंत, खिडकी, काहीही गळलं तरी तो शब्द. आणि आईनं तोंड उघडायचं नाही."

"कबूल," बिनगळ म्हणाला.

पत्रे पुन्हा उतरले. या वेळी बिनगळ वर आणि सुतार खाली उभा. बिनगळचे हात बेचाळीस वर्षांच्या सवयीनं कड आत घ्यायला जायचे, आणि सुतार खालून ओरडायचा, "डोक्यावर रे, डोक्यावर!" संध्याकाळपर्यंत बिनगळ सवयीला शिव्या घालत होता, आणि सुतार बिनगळला. ओळीनं सगळ्या पत्र्यांनी आपल्या खालच्याला डोक्यावरून झाकून घेतलं.

बुधवारी दुपारी मुलगी उशी घेऊन आत गेली. दार बंद. दोन पाइप, चार बादल्या आणि वन्संची झारी. अर्धा तास पाणी. आतून आवाज नाही. किंकाळी नाही, हसू नाही.

"पोरी?" बिनगळनं हाक मारली. उत्तर नाही. "काय बुडाली की काय!"

दार ओढून सगळे आत डोकावले. मुलगी बाकड्यावर आडवी, गाढ झोपलेली. अंगावर थेंब नाही. भिंती कोरड्या, छत कोरडं. सुतारानं हळूच बोट केलं.

उशीवर, गालापाशी, रुपयाएवढा ओला डाग.

सुतारानं छताकडे पाहिलं. न्हाव्यानं छताकडे पाहिलं. बायकोनं तोंडावर हात दाबला, कारण तिला बोलायची बंदी होती.

मुलीनं डोळे उघडले. बारा माणसं तिच्या उशीकडे टक लावून बघत होती. तिनं उशी बघितली, मग गालावरून हात फिरवला.

"काय बघताय सगळे?" ती लाल होत म्हणाली. "लाळ आहे. माझी."

एवढी आरडाओरड झाली की डबा चाकांवर डुलायला लागला. वन्सं झारीतलं उरलेलं पाणी न्हाव्याच्या टकलावर ओतून मोकळ्या झाल्या. बिनगळ बाकड्यावर मुलीशेजारी धपकन बसला. "म्हणजे गळली ती तू. डबा नाही."

"नाही गळला," मुलगी म्हणाली. तिनं वाकून त्याचे दोन्ही गुडघे हातात धरले, दाबले, आणि तो कळवळला तशी म्हणाली, "दुकान चालू ठेवा. पण उद्यापासून मांडी बंद. उंच स्टुलावर बसून ठोकायचं. सुतारकाका बनवतील."

"लाकडाचं?" बिनगळ किंचाळला.

"लाकडाचंच," सुतार म्हणाला, आणि माप घ्यायला खाली वाकला.