साडूच्या खिशातली सुपारी

लातुरात माझ्या साडूएवढा धिप्पाड माणूस न्हाई, आन् त्याच्या कुत्रीएवढं बारकं जनावर अख्ख्या मराठवाड्यात न्हाई. तीस वर्षं त्यानं लातूर-नांदेड एसटी चालवली. त्याच्या हातात गाडीचं स्टेरिंग बी चाळणीवानी दिसायचं. रिटायर झाल्यावर हा आता म्हैस पाळंल असं सगळ्यायला वाटलं. त्यानं आणली चिवावा जातीची कुत्री. वजन पावणेदोन किलो, नाव सुपारी. शर्टाच्या खिशात बसायची आन् तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याला दम द्यायची. पहिल्यांदा बघितली तवा मला वाटलं उंदीर शिरला. मी चापट उगारली, आन् साडूनं माझं मनगट असं धरलं की पुढं आठ दिस मी डाव्या हातानं भाकर मोडत राहिलो.

ह्या जातीला आपण केवढं हाव ते कळतच न्हाई. बैलावर धावून जाती, आन् दिवाळीची टिकली वाजली की थरथरा कापती. थंडी तर अजिबात सोसत न्हाई. आक्काच्या, म्हंजे माझ्या मेव्हणीच्या, एका जुन्या स्वेटरच्या बाहीतून साडूनं तिला दोन स्वेटरं बेतली. ती गोधडीत घुसून झोपती म्हणून साडूला बसायच्या आधी जागा चाचपायची सवय लागली. एका लग्नात त्यानं बसलेल्या नवरदेवाला उठवून गादी चाचपली. गुडघे नाजूक म्हणून बाजंवरून उडी मारायची बंदी, उतरायला विटांच्या पायऱ्या. खाणं चार-चार घंट्याला, एसटीच्या टायमावर. "दहाची गाडी लागली," म्हणायचा आन् हातावर चार दाणे भात-कोंबडी धरायचा. दुसऱ्याच्या हातचं ती हुंगायची बी न्हाई.

आन् टाळू! ह्या कुत्र्यायची टाळू तान्ह्या लेकरावानी मऊ राहती म्हणं. तर हा रोज आंघोळीनंतर मांडीवर घेऊन तिची टाळू खोबरेल तेलानं भरायचा. जनावराचे डॉक्टर म्हणले, "तेलाची गरज न्हाई, नुसता मार लागू देऊ नका." साडू म्हणला, "साहेब, तुमच्या आईनं तुमची भरली नसती तर तुमी डॉक्टर झाला असता का?"

आक्का तिला सवत म्हणायची. "माझ्या दुखण्याला गोळी आणायला सांगितली तर इसरतेत, पर सवतीचं नख कवा कापायचं ते पाठ हाय!"

तर ह्या माणसाचा उजवा डोळा मोतीबिंदूनं पार गेला. डावा बी त्याच वाटंवर. डोळ्याच्या डॉक्टरनं तीनदा आपरेशनची तारीख दिली, तीनदा ह्यानं मोडली. कारण एकच, सुपारीला ठेवायची कुठं? शेवटी आक्का म्हणली, "आता दवाखान्यात न्हाई आलाव तर मी माहेरी चालले." तवा कुठं तो शिरूर अनंतपाळला माझ्या घरी आला. खिशातून सुपारी काढून माझ्या हातात दिली आन् दोन घंटे समजावून सांगितलं. मी हाव हाव म्हणत राहिलो. खरं सांगतो, एक अक्षर ऐकलं न्हाई. मला कुत्रं काय शिकवतो? माझ्या दारात आजवर पाच कुत्री जगली, ती बी माझ्या मदतीबिगर.

दुसऱ्या दिशी सकाळी तिच्यापुढं भाकरीचा तुकडा टाकला. तुकडा तिच्याहून मोठा. तिनं तोंड फिरवलं. बायको म्हणली, "आवं, भात चारा हातानं."

"लाड नको. भूक लागली की खाईल आपसूक."

दुपारी बघतो तर सुपारी आडवी. मान लुळी, डोळे अर्धे मिटलेले. तिकडं लातुरात त्याच टायमाला साडूच्या आपरेशनचा नंबर. फोन करावा तर तो टेबलावरून उठून एका डोळ्यानं एसटी धरणार. न करावा तर आल्यावर तोंड काय दाखवू?

बायकोनं मला ढकललं. "दाजी सांगून गेलते ना, उपाशी राहिली की हिची साखर उतरती म्हणून! गुळाचं पाणी करा. घशात वतू नका, हिरड्याला चोळा. ऐकत व्हता का नुसतं मुंडकं हालवत व्हता?"

"मुंडकंच हालवत व्हतो," मी म्हणलं.

बोटानं गुळाचं पाणी चोळलं, तिला बंडीच्या आत छातीशी धरलं. "सुपारीबाई, ऊठ गं माय," म्हणून मी रडायच्या घाईला आलो. जरा वेळानं आत कायतरी हाललं आन् तिनं पहिलं काम केलं ते माझं बोट कडकडून चावलं. इतकं गोड कुणी चावलं न्हाई मला. बायकोनं फोनवर जनावराच्या डॉक्टरला इचारलं, त्यानं सांगितल्यावानी मी दाणा-दाणा भात चारला. खाल्ला तिनं, माझ्या हातचा. मग छातीवरून उठंना. संध्याकाळपातूर मी खांबावानी बसून. शेजारी इचारून गेले, "छातीत दुखायलंय का?"

तिसऱ्या दिशी साडू काळा चष्मा घालून आला. मी काय झालं ते सगळं सांगून टाकलं आन् मार खायला मान खाली घातली. त्यानं सुपारीला घेतलं, सावलीत बसून चष्मा काढला, नव्या डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं.

"हिचं तोंड पांढरं कवा झालं रे?"

नऊ वर्षांची हाय ती. आमाला सगळ्यायला दिसत व्हतं.

"पीठ लागलंय दादा," मी म्हणलं. "परातीत तोंड घातलं व्हतं हिनं."

"हाव का," म्हणून तो अंगठ्यानं पुसायला लागला. हळूच, टाळूला धक्का न लावता. निघत न्हाई हे त्याला बी कळलं असंल. तरी पुसतच राहिला.