खांबाजवळची जागा

जानेफळच्या बाजारात सोजराबाईकडून भाजी घ्यायची, तर तिची एक गोष्टही पिशवीत घालून न्यावी लागते. तिच्या वर्गातल्या मुलींचा खो-खोचा संघ दहावीत असताना तालुक्याच्या शेवटच्या सामन्यात हरला, आणि का हरला, तर सोजरा त्यात नव्हती म्हणून! नववीची परीक्षा संपली आणि तिचं लग्न लागलं. शाळा तिथेच सुटली. "मी असती त हारल्या नसत्या," असं म्हणून ती तराजूत वरून मूठभर मिरच्या टाकते. फुकटच्या मिरच्या घेऊन वर वाद घालणार तरी कोण?

नवरा मोतीराम हे तीस वर्षं ऐकतो आहे. त्याला तो सामना आता तोंडपाठ झालाय, आणि गंमत म्हणजे तो त्याने पाहिलेला नाही. तिनेही पाहिलेला नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी भागवत मळ्यात आला. हा तिच्याच वर्गातला, आता बियाण्यांचं दुकान चालवतो आणि सगळ्या गावाचे नसते उद्योग अंगावर घेतो. म्हणाला, "सोजरे, येत्या रविवारी शाळेत आपल्या दहावीवाल्यायचा मेळावा हाये. रोडगे अन् वांग्याची भाजी. वांगे तुह्याच मळ्यातले पाह्यजेत."

"वांगे देते."

"अन् तू बी ये."

"मी कायले येऊ? मी कुठची दहावीवाली? मी त नववीवाली."

"येडी हायेस का व तू?" भागवत हसला आणि गाडीला किक मारून निघून गेला. आता माणसाने दुसऱ्यांदा आग्रह करायला नको का? सोजराबाईला त्याचा मनस्वी राग आला. आपल्याला वांग्यांसाठी बोलावलं की आपल्यासाठी, हे विचारायचं राहूनच गेलं, आणि विचारायला जाणं तर तिच्या स्वभावात नव्हतं.

पण रविवारी तिने मुलीच्या लग्नातली जांभळी साडी नेसली.

"वांगे पोचवाले एवढी नवी साडी?" मोतीरामने विचारलं.

"वांग्यायले मान असते," ती म्हणाली आणि पोतं ऑटोत टाकून निघाली.

शाळेमागे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजत होते. वांगी उतरवून दिली, काम झालं, आता घरी जावं की नाही? नाही. तिने स्वयंपाक्यांच्या चुका काढायला सुरुवात केली. मीठ कमी, तिखट कमी, वांगी चिरायची अक्कल तर अजिबातच नाही. हातात एक वांगं धरून ती त्यांना धडा देत होती आणि धुराच्या आडून मैदानाकडे बघत होती. तिकडे नुसता कल्ला! पन्नाशीकडे झुकलेली माणसं एकमेकांना शाळेतल्या नावांनी हाका मारत होती, फोटोसाठी पोटं आत ओढत होती. त्यात तिला समता दिसली. एकेकाळी एकाच डब्यातलं खाणारी समता आता चिखलीच्या एका शाळेची मुख्याध्यापिका झाली होती, चष्मा लागला होता, गुडघ्याला पट्टा होता. जाऊन तिला मिठी मारावी असं सोजराबाईला फार वाटलं, पण पाय उचलेना.

तेवढ्यात कुणीतरी टूम काढली, की आत्ताच्या मुलींशी खो-खो होऊन जाऊ द्या. मग काय विचारता! पदर खोचले गेले, चपला उडाल्या, एका बाईने तर बांगड्या काढून नवऱ्याच्या खिशात घातल्या. सात जणी बसल्या, समता पळायला उभी राहिली. कुणी कुठे बसायचं हे कुणी सांगितलं नाही. शाळेत असताना ज्या जागी बसायच्या त्याच जागी जाऊन बसल्या, आणि शेवटच्या खांबाजवळची जागा रिकामीच राहिली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एकीच्या ध्यानात आलं. ती वांगं हातात घेऊन चुलीपासून सरकत सरकत त्या खांबापाशी येऊन उभी होती.

शिट्टी झाली. शाळेतली एक पोरगी हरणासारखी पळत सुटली, तिच्यामागे समता, गुडघ्याचा पट्टा पार घोट्यापर्यंत उतरलेला. पोरीने खांबाजवळून हूल दिली. दम संपलेल्या समताने जन्माची सवय असल्यासारखं वाकून त्या रिकाम्या जागेवर जोरात थाप मारली आणि ओरडली, "खो!"

थाप हवेत गेली, आणि समता मातीत.

सगळं मैदान हसत सुटलं. पण सोजराबाई हसायला तिथे होती कुठे? ती केव्हाच सुटली होती. जांभळी साडी पोटऱ्यांपर्यंत, एका हातात वांगं, मागे नुसता धुरळा. दुसऱ्या खांबाच्या अलीकडे तिने पोरीच्या खांद्यावर अशी थाप दिली, की पोरगी "आई गं!" म्हणाली.

शिट्टीवाल्या मुलीने हात वर केले. "फाऊल! ह्या काकू संघात नाहीत. ह्या कुठल्या बॅचच्या?"

हसू थांबलं. सोजराबाईने वांग्याकडे पाहिलं. "मी त वांगे द्यायले आली होती," ती पुटपुटली आणि वळली.

समता अजून मातीतच बसली होती. तिथूनच ती अख्ख्या शाळेला दटावल्यासारखी कडाडली, "सोजरे, कुठं चालली व? अन् तू व पोरी, ते खांबाजवळची जागा रिकामी दिसली न तुले? ते हिची हाये. आम्ही दहावीत बी कोणाले बसू देल्लं नाई तिथं. आठ जणीच खेळलो."

"आठच?" सोजराबाईच्या तोंडून निघालं.

"म्हून त हारलो न, माय!"

सोजराबाईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. तिने वांगं बाजूला उभ्या असलेल्या भागवतच्या हातात कोंबलं, पदर कमरेला घट्ट खोचला आणि जाऊन खांबाजवळच्या जागेत बसली, पाठ मोकळी ठेवून.

"आता दे," ती म्हणाली.