डब्यात भरलेले बाबा

आमच्या घरी, वडनेर भोलजीला, टीव्हीचा नवा डबा आला तेव्हा मी आईला एकच गोष्ट समजावली आणि तिथेच चुकले. म्हणाले, "आई, यात मालिका भरून ठेवता येतात. सवड मिळाली की पाहायच्या." आता 'भरून ठेवणे' याचा आईच्या डोक्यात एकच अर्थ आहे. कुरडया भरून ठेवतात, लोणचं भरून ठेवतात, आणि भरून ठेवलेल्याला येताजाता हात लावायचा नसतो.

आईने सपाटून मालिका भरल्या. पाहायचं मात्र नाव नाही. "पाह्यली म्हंजे सरली," ती म्हणायची. पाहिल्याने सरत नाही, शंभरदा पाहा, हे सांगून माझं तोंड दुखलं. "डब्यातून काढलं अन् सरलं नाही, असं कुठं असते का वं?" शेवटी आठवड्याला दोन भाग घरच्यांना आणि बाकीचे पाहुण्यांना, असं ठरलं. पाहुणे बिचारे चहाच्या आशेने यायचे आणि चहासोबत कुणाच्या तरी लग्नाचा तीन आठवडे शिळा भाग पाहून जायचे.

मग त्या डब्यात बाबा भरले गेले.

बाबांनी सोयाबीन सोडून एकरभर वांगी लावली होती. धाड गावचे मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तेव्हापासून त्यांना 'भाजीवाला' म्हणत. लग्नात, बारशात, सगळ्यांसमोर. बाबा तिथे हसायचे आणि घरी येऊन न जेवता झोपायचे. मला काकांचा भयंकर राग यायचा.

अशात एका शेतीच्या कार्यक्रमाची माणसं आमच्या वावरात आली. बाबा वांग्याचे शेंडे पोखरणाऱ्या अळीवर तोंडाला फेस येईस्तोवर बोलले. आईने त्यांना पावडर लावली होती, ती घामाने पांढऱ्या रेघा होऊन गळ्यात उतरली. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला लागणार होता, आणि नेमकी त्याच दिवशी त्याच वेळी वावरातल्या मोटरला लाईन, म्हणजे वीज, आली. टीव्हीवर यायचं म्हणून वांगी तहानलेली ठेवतील ते बाबा कसले! आम्ही सगळे पाणी द्यायला गेलो. जाताना मी डब्याला साडेसहा ते सात अशी वेळ लावून ठेवली.

परत आल्यावर पाहिलं, अर्धा तास बरोबर भरला होता. मी रिमोट उचलला तर बाबा म्हणाले, "थांब. दादा आल्यावरच पाहू." काका यायला आठ दिवस होते! आईचा चेहरा मात्र उजळला. घरात निदान एकाला तरी भरून ठेवायचं वळण लागलं होतं.

गावाने तर कार्यक्रम पाहिला होता. बाबा स्टँडवर गेले की कुणीतरी आडवं यायचंच.

"पाह्यलं ना तुमाले टीव्हीवर! काय बोलले राजेहो, ते शेंड्याचं..."

"सांगू नोको बे! मी नाही पाह्यलं अजून!"

"अहो, पण बोलले तर तुमीच ना?"

"हाव. पण कोणतं ठेवलं, कोणतं कापलं, मले काय माहीत?"

आठ दिवस बाबांनी पानठेल्याची वाट सोडली. स्वतः काय बोललो ते कळू नये म्हणून कान झाकून फिरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काका आले. त्यांच्याकडे नुसत्या बातम्या लागतात, त्यामुळे त्यांना काही पत्ता नव्हता. पलंगावर नवी चादर, ताटलीत चिवडा. आई भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, बोलत नाही, म्हणून डोक्यावर पदर घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात बसली. मी बटन दाबलं.

आधी कुठल्याशा समारंभाचं भाषण. थेट प्रक्षेपण, लांबलेलं. ते चालू आहे, चालूच आहे. भरलेल्या अर्ध्या तासातली वीस-पंचवीस मिनिटं त्यातच गेली. शेवटी एकदाचा कार्यक्रम लागला. एका म्हशीला लस दिली, मग आमचं वावर, आमची वांगी, आणि हात जोडलेले बाबा.

"नमस्कार. तर वांग्याची खरी मेख अशी हाय का..."

डब्यातले सात वाजले. डबा थांबला. पडद्यावर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली.

मी आवाज बंद केला. बाबांकडे पाहायची माझी छाती होईना. पाच-दहा मिनिटं जास्तीची लावली असती तर काय बिघडलं असतं? मला रडू यायला लागलं.

काकांनी चिवडा खाली ठेवला. "मंग?"

"मंग काय," बाबा म्हणाले. "सरलं."

"अबे, पण मेख काय हाय?" काका खाली पाहत म्हणाले. "मी बी लावले दोन वाफे, घरामांगं. शेंडे वाळून राह्यले."

बाबा उठले. टीव्हीच्या पुढे उभे राहिले, सदरा खाली ओढला आणि सख्ख्या भावाला हात जोडले. "नमस्कार," ते म्हणाले, "तर वांग्याची खरी मेख अशी हाय का, वाळला शेंडा दिसला का खुडा अन् गाडा. वावरात फेकू नोका."

"अवं, भर ना!" दारातून आई ओरडली. भासऱ्यांसमोर पहिल्यांदाच. "लाल बटन दाब वं! पाह्यतं काय?"

आणि मी, बी.एड. झालेली बाई, बाबांवर रिमोट रोखून लाल बटन दाबलं.

आता डबा भरत आलाय. परवा जागा करायला बसले तर त्यात अर्धा तास गुडघ्याचं तेल सापडलं. "हे पुसू का?" मी आईला विचारलं.

"हात लावजो नोको. तुहे बाबा हायेत त्याच्यात."

"मग एकदा लावून पाहू तरी."

"नोको," आई म्हणाली. "उगाच काऊन सरवतं?"