साबणाच्या आठ डब्यांवर काय लिहायचं

राजधानीतल्या निहोन्बाशी पेठेच्या त्या मोठ्या दुकानात तोमिको वर्षातून दोनदाच जायची, पण जायची ती दार उघडायच्या वेळीच. दहाच्या ठोक्याला दारं उघडली की दोन्ही बाजूंना रांगेत उभी असलेली दुकानातली माणसं कमरेत वाकतात. चाळीस वर्षं कावागोए गावात नवऱ्याच्या बरोबरीनं लोकांचे केस कापणाऱ्या बाईसमोर एरवी कोण वाकतंय? म्हणून ती मुद्दाम हळूहळू चालायची.

आज मात्र ती भराभरा आत शिरली.

तिचा नवरा शिगेरू महिनाभर दवाखान्यात होता. आठ जण भेटायला येऊन गेले, त्यांची परतफेड करायची होती. अशा वेळी साबण द्यायचा, म्हणजे आजार धुऊन जातो. तो गल्लीतल्या दुकानातही मिळाला असता. पण या दुकानाच्या कागदात आला म्हणजे घेणारा दोन्ही हातांनी घेतो, हेही तितकंच खरं.

काउंटरवरच्या मुलीनं डबे मांडले, डब्यांवर लावायच्या कागदी पट्टीवर लिहायला कुंचला हातात घेतला आणि हळूच विचारलं, "बाई, वर काय लिहू? पूर्ण बरे झाल्याचा आनंद, की भेटीला आल्याचे आभार?"

ती आपलं नेहमीचंच विचारत होती. बरं झालेलं माणूस पहिलं लिहून घेतं. ज्याचं अजून नक्की नाही, तो दुसरं. पण तोमिकोला दोन्ही अडचणीचंच होतं. आता उपाय उरला नाही, असं डॉक्टरांनी परवा फक्त तिलाच बाजूला घेऊन सांगितलं होतं. शिगेरू तर घरी आल्यापासून खुशीत होता, सोमवारपासून दुकान उघडू म्हणत होता. आभाराचे डबे समोर ठेवले की त्याला सगळं कळणार. आणि आनंदाचे वाटावेत, तर थोड्याच दिवसांत त्याच आठ जणांना तोंड कसं दाखवायचं?

"थांबा हं, डबे किती ते घरी विचारते," ती म्हणाली. किती ते तिला चांगलं पाठ होतं. बाजूला जाऊन तिनं शिगेरूला फोन लावला.

"अहो, सात घ्यायचे की आठ?"

"आठ. दवाखान्यात मी होतो आणि डोकं तुझं गेलं काय?" शिगेरू हसला. मग म्हणाला, "आणि हे बघ, बरा झालो असं लिहून आणू नकोस. नुसते आभार लिहून घे."

"का हो?"

"चाळीस वर्षं आरशात लोकांचे चेहरे बघितले. परवा तू डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलीस, तेव्हाच कळलं मला. तू लपवायला इतकी धडपडत होतीस, म्हणून गप्प बसलो. त्या दुकानाच्या कागदावर खोटं कशाला लिहायचं?"

तोमिकोला तिथंच रडू आलं. पलीकडच्या बायका मुद्दाम हातमोजे बघू लागल्या. शिगेरूनं फोन ठेवला नाही. म्हणाला, "येताना तळलेलं वांगं आण. जेवायला थांबतो."

ती परत काउंटरशी आली. "आभार लिहा," म्हणाली.

मुलीनं मान लववली, आठही पट्ट्या लिहिल्या. "खाली नाव यजमानांचं ना? रीत आजारी माणसाचंच लिहायची आहे."

"दोघांचं लिहा," तोमिको म्हणाली.